धावणारा केव्हा होतो?

आमच्या घरात धावण्याचे प्रसंग आजवर दोनच येत असत. एक सुटत्या एस. टी.साठी, आणि दुसरा अवकाळी पावसाचे थेंब पडू लागताच गच्चीवरील पापड उचलण्यासाठी. वयाच्या ६२व्या वर्षी त्यांत तिसऱ्या प्रसंगाची भर आम्हीच घालू, असे कोणी सांगितले असते तर आमचा त्यावर विश्वास बसला नसता. आणि साताऱ्यात ज्यांच्याकडून आम्ही वर्षानुवर्षे धातुरूपे घोकून घेतली त्या विद्यार्थ्यांचा तर मुळीच बसला नसता. तथापि गेल्या तीन वर्षांत ही गोष्ट घडली आहे खरी. तिच्यात एक प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस छळीत होता. मनुष्य धावू लागतो ते एका दिवशी. पण तो धावणारा होतो तो कोणत्या दिवशी?

आधी कारण सांगितले पाहिजे. आमच्या घराण्यात पुरुषाने पासष्टी पाहण्याची वहिवाट नाही. वडील ६१व्या वर्षी गेले, थोरले बंधू अण्णा ६४व्या. दोघांच्याही बाबतीत दगा दिला तो हृदयाने. अण्णा पूजेची फुले काढून परत येत असता अंगणाच्या पायरीवरच बसले ते पुन्हा उठले नाहीत, आणि ते प्रथम पाहिले वहिनींनी. त्या दिवसापासून आम्हांस एक खोड जडली. रात्री डाव्या कुशीवर निजले की उशीत आपल्याच छातीचे ठोके ऐकू येत, आणि ते मोजीत आम्ही पडून राहत असू. पुढे रक्तात साखर वाढू लागली आहे असे डॉक्टरांनी सांगितले. आमच्या सौभाग्यवती यावर एक शब्दही बोलल्या नाहीत. रात्रीच्या ताटातील भात मात्र निम्मा झाला.

डॉक्टरांनी चालावयास सांगितले होते. धावण्याची कल्पना पुतण्याची. साताऱ्यात २०१२ पासून दरवर्षी यवतेश्वरच्या घाटातून डोंगरी अर्धमॅरेथॉन होते, सुमारे २१ किलोमीटरांची. तीत तो भाग घेतो. डॉक्टरांनी आम्हांस फिरत्या पट्ट्यावर चालवून, छातीला तारा लावून हृदयाची परीक्षा केली आणि “हळू धावा, अगदी हळू” अशी परवानगी दिली. वहिनींनी ती दिली नाही. “भाऊजी, चाला हो हवे तितके. पण धावू नका. मला पुन्हा ते पाहणे नको,” एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही निघालो की त्या जपमाळ घेऊन ओसरीवर बसत आणि आम्ही फाटकातून आत येईपर्यंत उठत नसत. माळ फिरे; पण डोळे रस्त्याकडे असत, हे आम्हांस ठाऊक होते.

पहिल्या दिवशी शाहू स्टेडियमवर आम्ही जे केले त्यास धावणे म्हणावे की पळून जाणे, हा प्रश्नच आहे. शाळेच्या क्रीडादिनी शिट्टी वाजवून मुलांना जसे सोडावे तसे आम्ही स्वतःला सोडले. चारशे मीटरांचा एक फेरा, त्यातील निम्माही पुरा झाला नाही. डोळ्यांपुढे काजवे, कानांत ढोल आणि छातीत तोच परिचित ठोका, पण शतगुणित. कठड्याला धरून उभे असता शेजारचे एक निवृत्त अधिकारी जवळ आले आणि “गुरुजी, हे असले आपल्याकडचे नव्हे हो,” असे सहानुभूतीने म्हणाले. या वाक्याचा आम्हांस राग आला, आणि रागानेच दुसऱ्या दिवशी परत गेलो हे कबूल केले पाहिजे. आपल्याकडचे नव्हे म्हणजे काय? पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या १९१९ सालच्या सामन्यांत अनवाणी धावणारी मंडळी पाहूनच सर दोराबजी टाटांच्या मनात येथील खेळाडू ऑलिंपिकला धाडण्याचे आले; आणि १९२० साली अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये बेळगावकडील फडेप्पा चौगुले १९वे आले. शेजाऱ्यांना हे सुनावण्यास त्या वेळी आमच्यापाशी दम नव्हता, म्हणून येथे लिहून ठेवीत आहोत.

पुतण्याने क्रम घालून दिला: एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा, आठवड्यातून तीनच दिवस. बूटही त्यानेच आणले. त्यांची किंमत आम्ही सौभाग्यवतींस अद्याप सांगितलेली नाही. तिसऱ्या आठवड्यात दम थोडा टिकू लागला आणि आम्हांस वाटले, साधले! क्रम गुंडाळून ठेवला, रोज जाऊ लागलो, अंतर दुप्पट केले. दहाव्या दिवशी दोन्ही नडग्या अशा दुखू लागल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागे. तेव्हा कळले की शरीराचे सर्व विद्यार्थी एका गतीने शिकत नाहीत. हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांतच धडा घेतात. हाडे आणि स्नायुबंध यांना तोच धडा पचावयास महिने लागतात. हुशार पोरांकडे पाहून शिकविणारा मास्तर मागच्या बाकांना पांगळे करतो. आमच्या नोकरीत हा अपराध आमच्या हातून झालाच नसेल असे म्हणवत नाही.

तीन आठवडे घरी बसलो. वहिनींचा चेहरा त्या दिवसांत उजळलेला होता. त्याच काळात पुतण्याने धावण्यावरील काही पुस्तके आणून दिली, आणि त्यांत आमच्यासारखाच फजीत झालेला एक मनुष्य भेटला. तो साधासुधा नव्हे, अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचा नामांकित धावशिक्षक बिल बॉवरमन.

ही हकीकत न्यूझीलंडातील ऑकलंडची आहे. तेथे आर्थर लिडियार्ड नावाचे गृहस्थ बुटांच्या कारखान्यात काम करीत. तरुणपणी रग्बी खेळत असल्यामुळे आपण धट्टेकट्टे आहोत असा त्यांचा समज होता. एका वडीलधाऱ्या मित्राबरोबर सुमारे पाच मैल धावताना तो पार उतरला. मग त्यांनी स्वतःवरच वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि त्यांतून आपली पद्धत बसविली. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या शिष्यांनी, ८०० मीटरांत पीटर स्नेलने आणि ५००० मीटरांत मरे हॅलबर्गने, एकाच दिवशी सुवर्णपदके मिळविली. पण आम्हांस लिडियार्ड थोर वाटतात ते त्यापुढील कामामुळे. सुटलेल्या पोटांचे व्यापारी, हृदयविकारातून उठलेली माणसे, अशांना जमवून त्यांनी १९६२ साली हळू धावणाऱ्यांचे मंडळ काढले. सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावावयाचे, ही तेथील रीत.

त्याच वर्षी डिसेंबरात बॉवरमन आपले धावपटू घेऊन तेथे गेले. वय ५१. लिडियार्डनी त्यांना रविवारी मंडळाबरोबर धावावयास बोलावले. दुसऱ्यांना धावावयास शिकविणारा मनुष्य, तो काय नाही म्हणणार? पहिलाच चढ लागला आणि बॉवरमन मागे पडले. तेव्हा सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके सोसून उठलेले एक वृद्ध गृहस्थ मुद्दाम मागे राहिले आणि त्यांच्या बाजूने गप्पा मारीत चढ चढू लागले. बॉवरमनना उत्तर देण्याइतकाही श्वास नव्हता. ते सहा आठवडे तेथे राहून शिकले, १९६३ साली आपल्या युजीन गावी नागरिकांना हळू धावावयास शिकवू लागले, आणि एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साहाय्याने १९६७ साली त्यांनी त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. अमेरिकेत सामान्य माणूस रस्त्यावर धावताना दिसू लागला त्याचे पुष्कळसे श्रेय त्या पुस्तकाकडे जाते.

लोक ही गोष्ट बॉवरमनची म्हणून सांगतात. आम्हांस मात्र तीत तो वृद्धच धावणारा दिसला. कारण त्याच्यापाशी दुसऱ्याला देण्याइतका श्वास शिल्लक होता.

नडग्या बऱ्या झाल्यावर आम्ही घड्याळ घरी ठेवले. पण बोलावे कोणाशी? पहाटे साडेपाचला सोबती नव्हता. मग आम्ही श्लोकांस सोबत घेतले. अनुष्टुभाचा एक चरण, आठ अक्षरे, न तुटता म्हणता आला तर वेग ठीक. तुटला तर चालावयाचे. यात शास्त्रही आहे. बोलावयाचे ते उच्छ्वासावर, आणि श्रम एका मर्यादेपलीकडे गेले की शरीर उच्छ्वास बोलण्यासाठी सोडावयास तयार होत नाही. वाणी तुटली की ती मर्यादा ओलांडली असे समजावे. आरंभी आमचा अनुष्टुभ् चौथ्या अक्षराशीच मोडे. विद्यार्थ्याने असा म्हटला असता तर आम्ही त्यास उभे केले असते. फाल्गुनात दोन चरण सलग येऊ लागले, चैत्रात पुरा श्लोक. पुढे आम्ही मंदाक्रांता घेतली. नावाप्रमाणेच ती मंद पावलांनी चालणारी. चरणात १७ अक्षरे, आणि यती चौथ्या, मग सहाव्या, मग सातव्या अक्षरावर. आरंभी चार गुरू, जणू चढावरची जड पावले. मग पाच लघू भरभर. ज्याने हे वृत्त बांधले तो एखादे वेळी घाट चढला असावा, असा आम्हांस दाट संशय आहे.

श्रावणातील एक सकाळ. रात्रभर पाऊस लागून पहाटे उघडीप झाली होती. समर्थ मंदिरापासून यवतेश्वर घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत जाऊन परतावयाचे, हा आमचा नेम. आदल्या रात्री मेघदूतातील एका पाठभेदावरून एका जुन्या विद्यार्थ्याशी दूरध्वनीवर वाद झाला होता, तोच डोक्यात घोळत होता. दोन्ही पाठ आळीपाळीने म्हणून पाहत होतो, कोणता कानाला बरा लागतो ते. मध्येच मान वर केली तर खाली सारे सातारा धुक्यात, समोर अजिंक्यताऱ्याचा माथा तेवढा वर आलेला, आणि आपण पहिलेच काय, दुसरेही वळण मागे टाकून आलो आहोत! धावत आहोत हेच आम्ही विसरलो होतो. आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात आली, तिने मात्र पाय जागीच थांबले. छातीचा ठोका आम्ही ऐकला नव्हता. अण्णा गेल्यापासून अहोरात्र ज्याच्यावर पहारा ठेवला त्यास आज निदान अर्धा तास आम्ही एकटे सोडले होते, आणि तो आपले काम मुकाट्याने करीत होता. त्या ओल्या कठड्यापाशी आम्हांस अण्णांची फार आठवण झाली. थोडा वेळ तेथे उभे राहिलो.

पुतण्याचे म्हणणे, धावणारा तो, ज्याच्या छातीवर शर्यतीचा क्रमांक लागला. आम्ही अद्याप एकही शर्यत धावलेलो नाही. या वर्षी नाव घालू की नाही हे सांगता येत नाही. पाठभेदाचा वादही मिटलेला नाही.

त्या दिवशी घरी पोहोचावयास रोजच्यापेक्षा पंचवीस मिनिटे उशीर झाला. आता वहिनींचे काय झाले असेल या चिंतेने उतारावर मात्र आम्ही खरोखरीच वेगाने धावलो, श्लोकाबिकावाचून. फाटक उघडले. ओसरी रिकामी होती. जपमाळ खुंटीला. धास्तावून आत गेलो तो वहिनी स्वयंपाकघरात पाटावर बसून अळूची पाने निवडीत होत्या.

“आलात? पाणी अजून तापत ठेवायचे आहे,” त्या मान वर न करताच म्हणाल्या. “म्हटले, आज उशीर होणार.”

“तो कसा काय?”

“उघडीप होती ना भाऊजी. धावणारी माणसे उघडीप सोडतात होय?”

आम्ही बूट दाराशी काढले आणि देठ सोलावयास त्यांच्यासमोर बसलो.