दरबार आणि दासोह

‘दरबार’ हा शब्द कानी पडताच सिंहासन, मुजरे आणि मानाच्या बैठका डोळ्यांपुढे उभ्या राहतात. बिदरच्या किल्ल्याची ख्याती ऐकत वाढलेल्या आम्हां सीमाभागांतील लोकांस तर या अर्थाचा परिचय निराळा करून द्यावयास नको. असे असता रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी आपल्या अखेरच्या कार्यास ‘देवाचा दरबार’ हे नाव का दिले असावे? या नावाचा अर्थ उलगडला, म्हणजे सेवा आणि सत्ता यांचा संबंधही उलगडतो, असे आम्हांस वाटते.

टिळकांच्या आयुष्यांत त्याग दोन वेळां घडला. कोकणांतील करजगाव येथे १८६१ साली जन्मलेल्या या चित्पावन ब्राह्मण कवीने १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. जात, गोत आणि काही वर्षे पत्नीचाही सहवास त्यांना अंतरला. हा पहिला त्याग सर्वांस ठाऊक आहे. पण पुढे नव्या समाजांतही त्यांना मान मिळाला. अहमदनगर येथे अध्यापन, १९०४ साली पाळकपदाची दीक्षा आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादकत्व, अशा पायऱ्या ते चढत गेले. आणि १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी त्यांनी सोडली. हा दुसरा त्याग होय. आमच्या मते तोच अधिक कठीण. परक्यांनी लादलेले बंधन तोडणे एक वेळ सोपे. पण आपणच स्वीकारलेल्या घरांतील मानाची जागा सोडणे फार अवघड.

मिशनविषयी टिळकांच्या मनांत कृतज्ञता नव्हती असे नव्हे. परंतु ज्या संस्थेचा पैसा परदेशांतून येतो, तेथे निर्णयही पैशाच्याच वाटेने येतात. देशी उपदेशक कितीही विद्वान असला, तरी वेतन घेणारा तो सेवक ठरे आणि वेतन देणारा धनी. ज्या ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या नावाने चालणाऱ्या कार्यांत धनी-चाकर हे नाते टिळकांस मानवले नाही. साताऱ्यास त्यांनी जो ‘दरबार’ मांडला, त्यांत राजा एकच, तो ईश्वर. बाकी सारे सारख्याच पायरीवर. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यांत येऊ शकत. सत्तेचा शब्द घेऊन त्यांनी त्यांतील मनुष्याची सत्ताच काढून टाकली, ती अशी.

ही दृष्टी त्यांना केवळ बायबलांतून लाभली नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. भजन, कीर्तन, अभंग आणि ओवी ही वारकऱ्यांची साधने त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणली. ज्या पंथांत एकमेकांच्या पाया पडतात, त्याच्या भाषेत बोलणाऱ्या कवीस पदांची उतरंड जड वाटावी, हे स्वाभाविकच होय. आमच्या जिल्ह्यांतील कल्याणास बाराव्या शतकांत बसवेश्वर बिज्जलाचे मंत्री होते. परंतु लोकांनी स्मरणांत ठेविला तो त्यांचा ‘दासोह’, म्हणजे सेवाभावाने केलेले अर्पण. भाषा वेगळी, धर्म वेगळा, पण वृत्ती ओळखीची वाटते.

तथापि एक प्रश्न टाळता येत नाही. या त्यागाची किंमत कोणी दिली? लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली, त्यांना घरखर्चाच्या पैशांची टिळकांच्या हाती काय दशा होत असे, हे ठाऊकच आहे. स्वतःचे वेतन सोडणारा पुरुष घरच्यांची भाकरीही पणास लावतो. म्हणून टिळकांच्या निःस्पृहतेचे वर्णन करताना लक्ष्मीबाईंच्या सोशिकतेस तळटीपेत ढकलणे हा अन्याय ठरेल. १९१९ साली टिळक निवर्तले. त्यांचे अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्यांना मोठ्या वयांत अक्षरओळख झाली, त्यांनी हे महाकाव्य सिद्धीस न्यावे! यांत नावाची हाव नव्हती. हाती राहिलेले काम पुरे करणे एवढेच होते. दरबाराचा खरा अर्थ आम्हांस येथे अधिक स्पष्ट दिसतो.

आम्ही शिक्षक मंडळी या प्रश्नांपासून दूर नाही. मुख्याध्यापकाची खुर्ची लहानशीच. पण कपाटांच्या किल्ल्या आणि हजेरीपट हाती आले, की त्या खुर्चीसही सिंहासनाची सवय लागते, हा आमचा स्वतःचा अनुभव आहे. सहकाऱ्याने सुचविलेली चांगली गोष्ट केवळ ती आम्हांस सुचली नाही म्हणून आम्ही लांबणीवर टाकलेली आहे. टिळकांसारखी नोकरी सोडावी असे कोणास सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण ती खुर्ची कोणासाठी आहे, हे रोज एकदा स्वतःस विचारणे आम्हांस शक्य आहे. आणि उत्तर चुकले, तर घरच्या माणसांस व शिपायासही ते आपल्याआधी कळलेले असते.