पदवी फक्त नोकरीसाठी असते का? प्रवेश घेण्यापूर्वी हे समजून घ्या

बारावीचा निकाल लागला की मिरजेतल्या आपल्या वस्त्यांत एकच प्रश्न ऐकू येतो : "हे शिकून नोकरी लागेल का?" घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजला जात असेल आणि आई-वडील रोजंदारीवर असतील, तर हा प्रश्न रास्तच आहे. ज्यांचा पोटाचा प्रश्न सुटला आहे त्यांनी 'ज्ञानासाठी ज्ञान' सांगावे आणि आपण मान डोलवावी, हे आम्हाला मान्य नाही. तथागतांनीही अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला स्थान दिले आहे. पण विद्यापीठाने केवळ नोकरीचीच तयारी करून घ्यावी का, हा वेगळा प्रश्न आहे.

नेमके काय बदलले?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार पदवीच्या अभ्यासक्रमात कौशल्याचे विषय आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आले आहे. पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडल्यास प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स पदवी, अशी रचना आहे. पूर्वी मध्येच शिक्षण सुटले की हाती काहीच लागत नसे. त्या दृष्टीने ही सोय चांगली आहे.

पण पहिल्याच वर्षी बाहेर कोण पडेल? ज्याच्या घरी पैशांची चणचण आहे तोच. म्हणजे एकाच वर्गात बसलेल्यांपैकी एक जण प्रमाणपत्र घेऊन कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला लागेल आणि दुसरा चार वर्षे शिकून त्याचा साहेब होईल. आपल्याला हा धोका ओळखायला हवा.

बाबासाहेबांचा अनुभव

7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्यातील शाळेत दाखल झालेले बाबासाहेब 1913 मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. 1917 मध्ये ते बडोद्यात रुजू झाले. नोकरी होती, शिक्षणही होते. तरीही राहायला खोली मिळेना आणि कार्यालयातले शिपाईसुद्धा त्यांचा विटाळ मानत. नोकरी मिळाली म्हणून माणुसकी मिळाली नाही.

पुढे उपयोगी पडले ते अर्थशास्त्र, इतिहास आणि कायद्याचे सखोल शिक्षण. त्याच बळावर 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ आला, महाडचा लढा न्यायालयातही लढला गेला आणि संविधानाचा मसुदा तयार झाला. यातले कोणतेही काम त्या वेळी नोकरीच्या जाहिरातीत नव्हते.

मग पोटाचे काय? आपल्याच भागात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' योजनेतून याचे उत्तर दिले. विद्यार्थ्याने काम करायचे ते शिक्षण पूर्ण व्हावे म्हणून. आज मात्र काम मिळावे म्हणून शिक्षणच आखूड होऊ पाहते आहे.

वाचता आले, म्हणून लढता आले

6 सप्टेंबर 2023 रोजी राज्य सरकारने खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय काढला. त्यात आरक्षणाचे काय होणार, हा प्रश्न स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांनी उचलला. ठिकठिकाणी आंदोलने झाली, विरोधी पक्षांनीही विषय लावून धरला आणि ऑक्टोबरमध्ये निर्णय रद्द झाला. केवळ यंत्र चालवायला शिकवणारे शिक्षण असा शासन निर्णय वाचायला शिकवत नाही. आपली नोकरी कोणत्या अटींवर आहे आणि त्या अटी कोण ठरवतो, हे कळणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. विद्यापीठाने रोजगारक्षम बनवावेच. पण त्यासाठी इतिहास, अर्थशास्त्र, संविधान आणि संशोधन यांना कात्री लावू नये.

प्रवेश घेताना हे विचारा

- कामाच्या प्रशिक्षणात विद्यावेतन मिळते का? काम अभ्यासक्रमाशी संबंधित आहे की नुसतीच फुकटची राबणूक?
- शिष्यवृत्तीचा अर्ज कधी आणि कुठे भरायचा?
- मध्येच थांबावे लागले तर परत कसे यायचे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या आत परतता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. कॉलेजात हे लेखी विचारून घ्या.

आणि कार्यकर्त्यांनो, वस्तीतले कोणी पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडत असेल तर त्याच्या घरी जा. त्याची फी, प्रवासखर्च किंवा पुस्तके यांपैकी काय अडले आहे ते विचारा. विहारात जमणाऱ्या वर्गणीतला काही भाग यासाठी ठेवता येईल.

जय भीम!