‘खुंबी’ या एका शब्दाखाली काय काय?
औषधी अळंबी आणि रोगप्रतिकारशक्ती : अध्यापकांसाठी एक विवेचन

२०२० च्या महासाथीपासून ‘इम्युनिटी’ हा शब्द घरोघरी पोहोचला. त्यापाठोपाठ औषधी अळंबीच्या कॅप्सूल, भुकटी, चहा आणि कॉफी यांची जाहिरातही वाढली. मुस्लिम ग्राहकांपुढे हा माल ठेवताना त्याला बहुधा ‘तिब्ब-ए-नबवी’ची जोड दिली जाते. हदीसमध्ये खुंबीची प्रशंसा आहे, खुंबी म्हणजे मशरूम, आणि ही कॅप्सूल मशरूमची आहे. तेव्हा ती घेणे हे सुन्नतला धरून आहे, असा हा युक्तिवाद असतो. विषय वरकरणी विज्ञान शाखेचा वाटेल. परंतु या युक्तिवादातील पहिली गफलत भाषांतराची आहे, म्हणून भाषेच्या अध्यापकानेही त्याकडे लक्ष देणे आवश्यक वाटते. शिवाय मोहल्ल्यातील एखाद्या कुटुंबात कोणाला मोठा आजार झाला, की पाकिटावरचा मजकूर घेऊन लोक महाविद्यालयातील शिक्षकांकडेच विचारायला येतात. त्या वेळी आपले उत्तर नेमके असायला हवे.

१. शब्द एक, वस्तू अनेक

सईद बिन झैद (रजि.) यांच्याकडून आलेली संबंधित रिवायत सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिचा आशय असा की, ‘कमअः’ हा ‘मन्न’चा प्रकार असून त्याचे पाणी डोळ्यांसाठी शिफा आहे. येथे मूळ अरबी शब्द ‘कमअः’ असा आहे. कमअः ही अरबस्तान, इराक, सीरिया आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटी प्रदेशात पावसानंतर जमिनीखाली वाढणारी बुरशी आहे. तिला छत्री नसते, देठ नसतो; दिसायला ती बटाट्यासारखी असते. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला टर्फेझिया आणि टिरमानिया या प्रजातींत घालतात. न पेरता, न राबता मिळणारे अन्न म्हणून तिला ‘मन्न’ म्हटले, असे भाष्यकार सांगतात.

छत्रीच्या आकाराच्या अळंबीला अरबीत ‘फुत्र’ हा वेगळा शब्द आहे. इब्न सीना यांनी ‘अल-कानून’मध्ये फुत्रच्या विषारी जातींचा विचार केलेला आहे. उर्दू अनुवादकांपुढे मात्र अडचण होती. आपल्याकडे कमअः उगवत नसल्याने तिला प्रचलित नाव नव्हते. त्यांनी जवळचा शब्द म्हणून ‘खुंबी’ वापरला. वाचकाला कल्पना यावी एवढ्यापुरते ते योग्यच होते. पण खुंबीचे मराठीत ‘अळंबी’ झाले, बाजारात ‘मशरूम’ झाले, आणि शेवटी चीन-जपानमधील लिंगझी किंवा रेशी, शिताके, कॉर्डिसेप्स या सर्वांवर त्या हदीसची मोहोर उमटवली जाऊ लागली. गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर येणारी अळमी आणि लाकडावर वाढणारी कडक, कडू रेशी यांना स्वयंपाकघरात कोणी एक समजणार नाही. भाषांतरात मात्र त्या एक होऊन बसतात.

यात हदीसच्या सत्यतेचा प्रश्न मुळीच नाही. प्रश्न एवढाच आहे की ती कोणत्या वस्तूविषयी आणि कोणत्या अवयवाविषयी आहे. तिच्यात प्रतिकारशक्तीचा उल्लेख नाही. कमअःचे पाणी नुसते वापरावे की इतर औषधांत मिसळून, यावर जुन्या विद्वानांत मतभेद होते. इब्न कय्यिम (मृत्यू १३५०) यांनी ही मते नोंदवताना कमअः पचायला जड असल्याचे आणि तिच्यापासून होणारे त्रासही सांगितले आहेत. म्हणजे गुणाबरोबर दोष सांगण्याची परंपरा आपलीच आहे. कोणत्याही अळंबीचा रस घरी काढून डोळ्यांत घालणे धोक्याचे आहे, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

युनानी वैद्यकात औषधी बुरशी नव्हतीच असे नाही. ‘गारीकून’ ही झाडाच्या खोडावर वाढणारी बुरशी ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस यांच्यापासून युनानी ग्रंथांपर्यंत आढळते. तिचा मुख्य उपयोग रेचक आणि कफनाशक म्हणून सांगितला आहे. हा वारसा खरा आहे, पण त्याचाही आजच्या ‘इम्युनिटी’च्या जाहिरातीशी थेट संबंध नाही.

२. प्रयोगशाळेत काय दिसते?

अळंबीच्या पेशीभित्तिकेत ‘बीटा-ग्लुकन’ नावाची जटिल शर्करा असते. आपल्या शरीरात ती तयार होत नाही; त्यामुळे ती दिसली की आपल्या संरक्षक पेशी तिला परकी, बुरशीची खूण म्हणून ओळखतात. महाभक्षी आणि इतर काही पांढऱ्या पेशींवर तिच्यासाठी ‘डेक्टिन-१’ हा ग्राहक असतो; तो बीटा-ग्लुकनचा ग्राहक असल्याचे २००१ मध्ये दाखवण्यात आले. ग्राहकाला बीटा-ग्लुकन चिकटले की पेशी सक्रिय होतात. तेव्हा ‘अळंबीचा प्रतिकारयंत्रणेशी संबंध आहे’ हे विधान खरे आहे. परंतु पेशी सक्रिय होणे आणि माणूस कमी आजारी पडणे यांत मोठे अंतर आहे. जाहिरात हे अंतर एका वाक्यात ओलांडते.

३. माणसांवरील पुरावा

अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास नेहमी सांगितला जातो. त्यात ५२ निरोगी तरुण प्रौढांनी चार आठवडे रोज ५ किंवा १० ग्रॅम सुकी शिताके खाल्ली. रक्तातील काही संरक्षक पेशींची कार्यक्षमता आणि लाळेतील एक प्रतिपिंड यांत वाढ दिसली. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे. पण अभ्यास लहान व अल्प मुदतीचा होता, आणि मोजमाप रक्त व लाळेतील निर्देशकांचे होते.

कर्करोगाबाबत जपानचे उदाहरण दिले जाते. तेथे ट्रॅमेटिस व्हर्सिकलर या बुरशीपासून काढलेल्या ‘पीएसके’ या औषधाला १९७७ मध्ये, तर शिताकेपासून काढलेल्या ‘लेंटिनान’ला १९८० च्या दशकात मान्यता मिळाली. मात्र ही शुद्ध केलेली औषधे होती, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली नेहमीच्या उपचाराच्या जोडीला दिली जात, आणि लेंटिनान तर शिरेतून टोचले जाई. त्या अनुभवावरून दुकानातील भुकटीविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

रेशीबाबत कॉक्रेन या संस्थेच्या समीक्षेत (२०१२, सुधारित २०१६) पाच चाचण्यांतील ३७३ रुग्णांचा विचार झाला. केमोथेरपी किंवा रेडिओथेरपीच्या जोडीला रेशी दिलेल्या रुग्णांत उपचाराला प्रतिसाद अधिक आढळला; नुसत्या रेशीचा तसा परिणाम आढळला नाही. चाचण्यांचा दर्जाही कमी असल्याने, कर्करोगावरील पहिला उपचार म्हणून रेशी वापरण्यास पुरेसा आधार नाही, असा समीक्षकांचा निष्कर्ष आहे. ज्या घरात केमोथेरपी टाळून कॅप्सूलवर भिस्त ठेवण्याचा विचार चालू असेल, तेथे हेच वाक्य वेळेवर पोहोचणे महत्त्वाचे आहे.

४. ‘शक्ती’ आणि ‘कुव्वत’

मराठीतील ‘रोगप्रतिकारशक्ती’ आणि उर्दूतील ‘कुव्वत-ए-मुदाफिअत’ या दोन्ही संज्ञांत बळाची कल्पना आहे. बळ जितके अधिक तितके चांगले, असे त्यामुळे सहज वाटते. प्रत्यक्षात ही यंत्रणा समतोलावर चालते. संधिवाताच्या काही प्रकारांत आणि ल्युपससारख्या आजारांत ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर तर तिला मुद्दाम दाबून ठेवावे लागते. त्यासाठी वापरले जाणारे सायक्लोस्पोरिन हे औषधही एका बुरशीपासूनच मिळाले, आणि ती बुरशी कॉर्डिसेप्सच्या नात्यातील आहे. एकाच कुळात यंत्रणेला जागे करणारे आणि शांत करणारे असे दोन्ही पदार्थ असतील, तर ‘अळंबी प्रतिकारशक्ती वाढवते’ या सरसकट विधानाला अर्थ उरत नाही.

म्हणून प्रत्यारोपण झालेले, स्वप्रतिरक्षाविकार असलेले, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, कर्करोगाचे उपचार चालू असलेले आणि गर्भवती स्त्रिया यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी उत्पादने घेऊ नयेत. रेशीच्या भुकटीनंतर यकृताला इजा झाल्याच्या, तर चागा या बुरशीतील ऑक्झलेटमुळे मूत्रपिंड निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. कच्ची किंवा अर्धवट शिजलेली शिताके खाल्ल्यास काहींच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखे चट्टे उठतात.

५. पाकीट वाचताना

वर्गात प्रत्यक्ष पाकीट घेऊन पुढील मुद्दे तपासता येतील.

(अ) अळंबीचे शास्त्रीय नाव दिले आहे का? नुसते ‘मशरूम अर्क’ पुरेसे नाही.
(आ) वापरलेला भाग कोणता? काही उत्पादने धान्यावर वाढवलेल्या कवकजालाची असतात आणि त्यांत धान्याचा स्टार्चही येतो. ‘पॉलिसॅकराइड’च्या आकड्यात स्टार्च मोजला जातो, म्हणून बीटा-ग्लुकनचे प्रमाण वेगळे दिलेले पाहावे.
(इ) भारतात आरोग्यपूरक उत्पादन हे औषध नसते; ते औषधी वापरासाठी नाही, अशी सूचना वेष्टनावर असावी लागते. ती सूचना आणि जाहिरातीतील दावा शेजारी ठेवून वाचावेत.
(ई) कर्करोग, मधुमेह, मोतीबिंदू बरा करण्याचा दावा असल्यास १९५४ चा औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा लागू होऊ शकतो.
(उ) धार्मिक आधार दिला असेल, तर मूळ अरबी शब्द कोणता आणि त्याचे भाषांतर कोणी काय केले आहे?

६. आहारातील स्थान

हे सर्व वाचून अळंबी टाळावी असा अर्थ कोणी काढू नये. विश्वासू ठिकाणाहून घेतलेली, नीट शिजवलेली बटन किंवा धिंगरी अळंबी हे चांगले अन्न आहे. ताज्या बटन अळंबीत सुमारे ९२ टक्के पाणी आणि १०० ग्रॅममागे तीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. शिजवण्यापूर्वी काप करून दुपारच्या उन्हात ठेवल्यास तिच्यातील अर्गोस्टेरॉलपासून ड जीवनसत्त्व तयार होते. रानातील अनोळखी अळंबी मात्र खाऊ नये. तिच्या विषाची परीक्षा चांदीच्या चमच्याने किंवा लसणाने होते, हा समज चुकीचा आहे.

समारोप

औषधी अळंबीवर संशोधन चालू आहे आणि त्यातून उपयुक्त औषधे पुढे येऊ शकतील. आज उपलब्ध पुराव्यावरून तिला आहाराचे किंवा, डॉक्टरांच्या संमतीने, पूरकाचे स्थान देता येते; उपचाराची जागा देता येत नाही. उर्दू-मराठीच्या तासाला ‘कमअः’पासून ‘मशरूम’पर्यंतचा शब्दांचा प्रवास, जीवशास्त्राच्या तासाला बीटा-ग्लुकन आणि वाणिज्याच्या तासाला वेष्टन व जाहिरातीचा कायदा, असा एकच विषय तीन विभागांनी मिळून शिकवावा, अशी सूचना आहे. विद्यार्थी हे घरी सांगतील. पवित्र वचनाचा आदर राखूनही विक्रेत्याला मूळ शब्द विचारता येतो, हे घरातल्यांना कळले तर एखाद्या रुग्णाचा उपचार मध्येच सुटणार नाही.