विहिरीच्या थरांतील पृथ्वीचा इतिहास

चिखली-मेहकरकडील शेतकरी विहीर खणूं लागला कीं बहुधा थोड्याच हातांवर त्याची पहार काळ्या खडकावर वाजते. संग्रामपूर तालुक्यांत पूर्णेच्या बाजूस मात्र कितीही खोल गेलें तरी माती, चुनखडीचे खडे, वाळू आणि पुन्हां मातीच लागते. आणि पाणी लागलें तरी तें पुष्कळदां खारें. एकाच जिल्ह्यांतील या दोन विहिरींत एवढें अंतर कां, हें थरच सांगतात.

थर वाचण्याचा नियम साधा आहे. कणगींत तळाचें धान्य आधीं भरलेलें असतें. तसाच, मोडतोड झालेली नसल्यास, जमिनींतही खालचा थर जुना व वरचा नवा.

वऱ्हाडचा काळा खडक हा सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वाहिलेला शिलारस होय. तो एका दमांत सांचला नाहीं. दोन लोटांच्या मधल्या काळांत तळीं भरलीं, झाडें वाढलीं, आणि पुढच्या लोटानें तीं सर्व झांकून टाकलीं. नागपूरजवळ टाकळी येथें स्टीफन हिस्लॉप या पाद्र्यास अशाच मधल्या थरांत दगड झालेलीं फळें, बिया, गोगलगायींचे शंख आणि भुंगेऱ्यांचे कठीण पंखही सांपडले. त्यांवरील त्याचा व रॉबर्ट हंटर यांचा लेख 1855 सालीं लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेनें छापला. शंख गोड्या पाण्यांतले, म्हणून तेथें समुद्र नसून तळें होतें, हें ठरलें. जीवाश्माचें खरें मोल हेंच. तो कोणत्या पाण्यांत व कोणत्या हवेंत जगला तें सांगतो.

आमच्या भागांत तोच काळा खडक आहे, पण फार खालीं. सातपुड्याच्या पायथ्याशीं भूमीला चीर पडून दक्षिणेकडील भाग खचला व त्या खोलगटांत नद्यांनीं गाळ आणून टाकला. हा गाळ कांहीं ठिकाणीं 300 मीटरांहूनही जाड आहे. सुमात्रा बेटांतील टोबा ज्वालामुखीची सुमारें 74,000 वर्षांपूर्वींची राख पूर्णेच्या गाळांत पांढुरक्या थराच्या रूपानें सांपडली आहे. हजारों कोसांवरची राख आमच्या नदीच्या दरडींत, यावर एखाद्याचा विश्वास बसणार नाहीं. पण राखेच्या कणांची घडण व घटक तपासूनच विद्वानांनीं ती ओळखली. अशाच नदीच्या गाळांत, नाशिक जिल्ह्यांत नांदूर मधमेश्वर येथें, गोदावरीकांठीं मिळालेल्या प्राचीन हत्तीच्या अवशेषांची नोंद पिलग्रिम यांनीं 1905 सालीं केली.

आतां खाऱ्या पाण्याविषयीं. येथें पूर्वीं समुद्र होता, त्याचें हें मीठ, असें पुष्कळ जण म्हणतात. पाण्याला मिठाची चव असणें एवढाच पुरावा आम्हांस पुरेसा वाटत नाहीं. खोलगट खोरें, चिकण मातींतून अडलेला निचरा, कमी पावसाचा दीर्घ काळ व कडक ऊन, यांनीं पाणी उडून क्षार मागें राहिले, हें कारण अधिक पटतें. सोनाळा-टुणकीकडे, डोंगराच्या पायथ्याशीं, नाल्यांनीं आणलेले गोटे व भरड वाळू आहे. तेथें पाऊस मुरतो, म्हणून पाणी खोल असलें तरी बहुधा गोडें. पूर्णेकडे बारीक गाळ दाट होत जातो. तेथें "आणखी खोल गेलों तर गोडें लागेल" या आशेवर कूपनलिकेस पैसा घालणें आम्ही धोक्याचें समजतों. पावसाचें गोडें पाणी वरच्या थरांत सांपडलें तर तें जपून उपसावें. शेततळ्यांत पाऊस सांठविणें हा अधिक भरंवशाचा मार्ग.

विहीर खणतांना दर पांच हातांवरची मूठभर माती वेगळ्या पिशवींत ठेवून तिच्यावर खोली लिहावी, व पाणी लागेल तेथें त्याची चवही नोंदवावी. शेजारच्या दोन विहिरींच्या अशा नोंदी जुळविल्या कीं भरड वाळूचा थर कोणीकडे उतरतो तें कळूं लागतें. दगडासारखें जड झालेलें हाड अगर दांत निघाल्यास पहारीनें फोडूं नये, धुऊंही नये. सभोंवतालच्या मातीसह ठेवून नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयास, तें किती हातांवर मिळालें यासह, पत्रानें कळवावें.