ऐनवेळी ‘थांबा’ म्हणणारी माणसं

मैत्रिणींनो, सगळी तयारी झाली आहे, माणसं वाट पाहत आहेत, आणि ऐनवेळी ‘आता नको, थांबा’ असं म्हणायची पाळी तुमच्यावर कधी आली आहे का?

माझ्यावर २०१९ च्या चतुर्थीला आली. मोदक पात्रात रचलेले, आरतीला शेजारपाजारचे जमलेले, आणि नुकत्याच जोडलेल्या सिलिंडरपाशी गॅसचा बारीकसा वास! मी म्हटलं, ‘दहा मिनिटांचं तर काम, आटपून घेऊ.’ सासूबाई दारातूनच ओरडल्या, ‘आदी बंद कर! मोदक काय पळान जातले?’ सिलिंडरच्या तोंडातली रबरी रिंग फाटली होती. नैवेद्याला तीन वाजले. पाहुण्यांपुढे मी अगदी ओशाळून गेले.

रात्री आवराआवर करताना मात्र मला त्याच वर्षीच्या जुलैतले माझ्या वर्गातले हिरमुसलेले चेहरे आठवले.

१५ जुलैला पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी ‘चांद्रयान-२’ श्रीहरिकोट्याहून उडायचं होतं. वेंगुर्ल्यातली माझी मुलं टीव्हीपुढे जागत बसली. अवघी ५६ मिनिटं उरली असताना घड्याळ थांबलं आणि उड्डाण रद्द झालं. सकाळी वर्गात तक्रार आली, ‘बाई, आमी फुकट जागलव!’

मग मी त्यांना रॉकेटची तयारी सांगितली. ४३ मीटरहून उंच आणि सुमारे ६४० टन वजनाचं हे धूड जागच्या जागी रचत नेतात. आधी दोन बाजूंचे दोन बूस्टर. एकेकात सुमारे २०० टन घन इंधन. त्यांच्या मधोमध द्रव इंधनाचा टप्पा. त्याची ‘विकास’ इंजिनं आपल्या मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यातही बनतात. त्यावर अतिथंड इंधनाचा टप्पा आणि सर्वांत वर यान. प्रत्येक सांधा, प्रत्येक झडप, प्रत्येक तार तपासायची. मग उभंच्या उभं रॉकेट रुळांवरून हळूहळू तळावर न्यायचं.

इंधन भरणं तर त्याहून जोखमीचं. मधल्या टप्प्यातली द्रव्यं विषारी, म्हणून अंगभर संरक्षक पोशाख. वरच्या टप्प्यात उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन. गार पेल्यात एकदम उकळता चहा ओतला तर पेला तडकतो ना? इथे त्याच्या उलट. म्हणून नळ्या आधी हळूहळू थंड करून घ्याव्या लागतात.

त्या रात्री हे सगळं झालं होतं. खुद्द राष्ट्रपती रामनाथ कोविंद उपस्थित होते. तरीही दोष दिसताच काम थांबलं. हेलियम वायूची गळती होती, असं वर्तमानपत्रांत आलं. भरलेलं इंधन उपसून काढलं, दोष दुरुस्त केला, आणि २२ जुलैला दुपारी २ वाजून ४३ मिनिटांनी रॉकेट झेपावलं. पुढे सप्टेंबरात लँडर चंद्रावर अलगद उतरू शकला नाही, पण रॉकेटने आपलं काम चोख बजावलं होतं.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही बरं! १० ऑगस्ट १९७९ रोजी ‘एसएलव्ही-३’ च्या पहिल्या उड्डाणाआधी संगणकाने असाच थांबा दिला होता. सहकाऱ्यांशी बोलून डॉ. अब्दुल कलामांनी तो बाजूला सारला, आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळलं. ही चूक कलाम पुढे स्वतःच मोकळेपणाने सांगत. वर्षभर पुन्हा तयारी झाली. १८ जुलै १९८० ला तेच रॉकेट यशस्वी ठरलं, तेव्हा थुंब्याच्या विक्रम साराभाई केंद्राचे संचालक होते आपले पुण्याचे डॉ. वसंतराव गोवारीकर.

उड्डाणाच्या टाळ्या सगळ्यांना ऐकू येतात. गळती शोधणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. आपल्या घरातही तसंच नाही का? जे अनर्थ टळले, त्यांची मोजदाद कोण ठेवतो?

तेव्हा बायांनो, सिलिंडर बदलला की सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा. काडी ओढून कधीही पाहू नका. बुडबुडा दिसला, तर पाहुणे कितीही मोठे असोत, खुशाल म्हणा, ‘थांबा!’ तीन वाजताचे मोदकही गोडच लागतात.