कात, चीक आणि वाफ

डिमसमच्या, म्हणजे चहासोबत खायच्या लहान लहान चिनी पदार्थांच्या, हॉटेलात बसल्या बसल्या विचारतात ते खाण्याचं नाही. चहा कुठला आणू, असं विचारतात. मोगऱ्याच्या फुलांत मुरवलेला, अर्धवट आंबवलेला ऊलाँग, की वर्षानुवर्षं मुरत ठेवलेला काळाकुट्ट पुएर? दूध नाही, साखर नाही, आलं-गवती चहाचा तर प्रश्नच नाही. मुठीत मावेल एवढी बिनकानाची वाटी समोर येते. घरी दुधाचा, गोडमिट्ट चहा पिणारा माणूस पहिला घोट घेतो आणि तोंड वाकडं करतो.

सावर्ड्याच्या माणसानं मात्र तो घोट जरा तोंडात घोळवावा. जिभेच्या कडा आवळतात, गालाची आतली बाजू कोरडी पडते. हा तुरटपणा आपल्या चांगलाच ओळखीचा आहे. तो आपल्या गावात कढईत उकळतो.

चिपळूण तालुक्यातल्या सावर्डे परिसरात खैराच्या लाकडापासून कात काढण्याचा धंदा चालतो. खैराचं बाहेरचं पांढरट लाकूड तासून टाकायचं, आतला तांबडा गाभा घ्यायचा, त्याचे कपटे पाण्यात उकळायचे, पाणी गाळून आटवायचं आणि मग थंड होऊ द्यायचं. थंड होताना कात तळाला बसतो. का बसतो? कारण त्यातला मुख्य पदार्थ, कॅटेचिन, गरम पाण्यात सहज विरघळतो आणि गार पाण्यात जेमतेम. विड्याला लावतो तो कात म्हणजे बराचसा हाच पदार्थ.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलीब रुंगे यानं १८२१ मध्ये तो कातातून वेगळा काढला. हा रुंगे मोठा वल्ली असावा. दोनच वर्षं आधी त्यानं कॉफीच्या बियांतून कॅफीन काढून दाखवलं होतं. कॅटेचिन हे नाव नंतर पडलं, तेही कातावरूनच. चहाच्या पानातही तोच पदार्थ आहे हे सिद्ध व्हायला त्यानंतर शंभरेक वर्षं जावी लागली. जपानमध्ये मिचियो त्सुजिमुरा यांनी १९२९ मध्ये हिरव्या चहातून कॅटेचिन वेगळं काढलं. १९३२ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि शेतकीशास्त्रात ती मिळवणाऱ्या त्या जपानमधल्या पहिल्या महिला ठरल्या. थोडक्यात, खैराच्या गाभ्यात जे आहे त्याची सख्खी भावंडं चहाच्या कोवळ्या पानात आहेत. एक काटेरी जंगली झाड, दुसरं डोंगरउतारावरचं झुडूप. दोघांचं एकमेकांशी जवळचं नातं नाही.

आणि रंगाचं पाहा. विड्यात कात फिकट तपकिरी असतो, त्याला चुना भेटला की तोंड लाल होतं, कारण चुन्याच्या अल्कधर्मी संगतीत कॅटेचिनवर हवेतल्या प्राणवायूची क्रिया झपाट्यानं होते. चहाची पानं चुरगळून ठेवली की तीही तांबूस होतात. तिथं चुन्याचं काम पानातली विकरं करतात. ही क्रिया सुरूच होऊ दिली नाही तर हिरवा चहा, मध्येच थांबवली तर ऊलाँग, पुरी होऊ दिली तर आपला रोजचा काळा चहा. पुएरची गोष्ट वेगळी, त्यात सूक्ष्मजीव राबतात आणि जवळजवळ सगळा तुरटपणा मोडून काढतात. ज्याला पहिल्याच घोटाला धसका घ्यायचा नसेल त्यानं पुएर मागवावा.

तुरट ही खरं तर चव नाही, स्पर्श आहे. आपल्या लाळेत काही निसरडी प्रथिनं असतात. कॅटेचिनसारखे पदार्थ त्यांना धरून त्यांच्या गुठळ्या करतात, तोंडातलं वंगण जातं आणि जीभ टाळूला घासते. तेलकट, चरबीचं खाणं याच्या उलट करतं. अमेरिकेतल्या मोनेल सेंटरशी संबंधित संशोधकांनी २०१२ मध्ये प्रयोग करून दाखवलं की सौम्य तुरट पेयाचाही परिणाम घोटागणिक साचत जातो, आणि मधे चरबीयुक्त घास घेतला की दोन्ही बाजू एकमेकींना सावरतात. प्रयोगात त्यांनी हिरव्या चहातला एक घटकही वापरला होता. घोट, घास, घोट, घास. दक्षिण चीनमधल्या कँटनच्या लोकांनी प्रयोगशाळेची वाट पाहिली नाही. तिथं या प्रकाराला डिमसम खायला जाणं म्हणतच नाहीत, चहा प्यायला जाणं म्हणतात. डुकराच्या चरबीची वळकटी घातलेला पाव, तळलेली अरबीची वडी, वाफवलेले कोंबडीचे पंजे, सगळं त्या चहाच्या सोबतीला. एका टोपलीत नगही तीन-चारच असतात.

अशी चहाची घरं टिकतातही भरपूर. लिन ह्युंग हे नाव १८८९ मध्ये ग्वांगझोत, म्हणजे कँटनमध्येच, सुरू झालं आणि पुढे हाँगकाँगला गेलं. हाँगकाँगचंच लुक यू १९३३ चं. न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये डॉयर्स स्ट्रीट नावाची मध्येच काटकोनात वळणारी एक आखूड गल्ली आहे. चिनी टोळ्यांच्या मारामाऱ्यांमुळे एकेकाळी ती बदनाम होती. तिथं नॉम वा १९२० पासून आहे. आधी ती बेकरी आणि चहाची जागा होती, तिथले मूनकेक आणि बदामी बिस्किटं प्रसिद्ध. १९५० मध्ये वॉली टँग नावाचा सोळा वर्षांचा मुलगा तिथं कामाला लागला, १९७४ मध्ये त्यानं ती जागाच विकत घेतली, आणि पुढं त्याच्या पुतण्यानं, विल्सन टँगनं, वित्तक्षेत्रातली नोकरी सोडून ती हातात घेतली. लाल रेक्झिनच्या बैठका तशाच. मला या कहाणीत आवडतो तो तो सोळा वर्षांचा मुलगा. आपल्याकडच्या उडुपी हॉटेलांच्या आणि खानावळींच्या कहाण्याही अशाच असतात.

आता टोपली उघडू. डिमसममध्ये राजा कोण यावर वाद होऊ शकतात, पण स्वयंपाक्याची परीक्षा हार गावमध्ये होते. कोळंबीची वाफवलेली पुरचुंडी. बांबूच्या टोपलीचं झाकण उचललं की वाफेचा एक लोट चष्म्यावर येतो आणि मग खाली दिसतात चार नग. पारी काचेसारखी नाही, पण तेल लागलेल्या कागदासारखी आरपार. आतली कोळंबी गुलाबी दिसते, तिचा बाक दिसतो, शेपटीकडचा तांबूस पट्टासुद्धा. वर चुण्या, सातांपेक्षा कमी असल्या तर जुने लोक नाक मुरडतात, कसलेला हात दहा-बाराच्या पुढं जातो. आणि चुण्या फक्त एका बाजूला, त्यामुळे पुरचुंडी पोटाशी वाकलेली दिसते. चॉपस्टिकनं उचलली तर फाटता कामा नये, दाताखाली आली तर रबरासारखी ताणता कामा नये.

कोकणातल्या बाईला हे सगळं कळतं. फक्त तिच्या हातात तांदळाची पिठी असते आणि चुण्यांना ती कळ्या म्हणते.

पारी आरपार कशी होते, हे कोडं सोडवायला आपल्याला कुरडईकडे जावं लागेल. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, गाळायचे, चोथा फेकायचा आणि पांढरं पाणी निवळत ठेवायचं. तळाला बसतो तो चीक. त्यात जवळजवळ सगळा स्टार्च. पोळीला लवचीकपणा देणारं ग्लुटेन बहुतेक निघून गेलेलं. हार गावची पारी याच मालाची, फक्त तिकडे कणीक पाण्याखाली मळून ग्लुटेन बाजूला काढतात आणि उरलेला स्टार्च वाळवतात. जोडीला थोडा टॅपिओकाचा, म्हणजे साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याचा, स्टार्च घालतात. त्यानं पारीला चिवटपणा येतो.

कोरडा स्टार्च पांढरा दिसतो कारण त्याचे कण सूक्ष्म आणि घट्ट रचलेले असतात, प्रकाश त्यांच्यावर आपटून सगळीकडे उधळतो. पाण्यात घालून तापवलं की साधारण ६० अंशांच्या पुढं हे कण फुगू लागतात, पाणी पितात, आतली शिस्त मोडते. आता कण आणि पाणी यांत प्रकाशाला फारसा फरक जाणवत नाही, तो सरळ आरपार जातो. पोळीच्या कणकेत हे होत नाही, कारण मध्ये ग्लुटेनचं जाळं असतं, ते प्रकाश अडवतच राहतं. कुरडईचा चीक शिजता शिजता दुधाळ रंग सोडून काचेसारखा होतो, तो क्षण ज्यांनी मोठ्या पातेल्यात लाकडी दांड्यानं घोटताना पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

ग्लुटेन नाही म्हणजे पीठ गार पाण्यात मळून भागत नाही, ते वाळूसारखं विस्कटतं. उपाय एकच, उकळतं पाणी. आपण पिठीची उकड काढतो, झाकण ठेवून वाफ येऊ देतो आणि हात भाजत असताना मळतो. कँटनचा स्वयंपाकीही चिकावर उकळतं पाणी ओततो, भांडं झाकतो, आणि पीठ गरम असतानाच चरबीचा हात लावून मळतो. उकळत्या पाण्यानं थोडा स्टार्च आधीच शिजतो आणि तोच बाकीच्या पिठाला धरून ठेवणारी खळ होतो. दोन समुद्रकिनारे, एकमेकांना न विचारता, एकाच जागी येऊन पोचले. पारी करण्यात मात्र फरक आहे. आपण उकडीची वाटी अंगठ्यानं फिरवत फिरवत करतो. तिकडे रुंद, बोथट सुरीच्या सपाट अंगाला तेल लावून पिठाच्या गोळीवर दाबत अर्धा फेरा दिला की कागदासारखी चकती तयार. एकदा पाहिलं की बघतच राहावं असं काम आहे.

मग वाफ. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता सुटते. तेवढंच उकळतं पाणी एका अंशानं निवलं तर सुटते एक कॅलरी. वाफ गार पारीला टेकली की तिथंच पाणी होते आणि ही सगळी उष्णता त्या पारीला देऊन टाकते. म्हणून हार गाव पाच-सहा मिनिटांत शिजतं आणि कोळंबी निबर होण्याआधी बाहेर येतं. झाकण धातूचं असेल तर वाफेचे थेंब पुन्हा खाली ठिबकतात आणि पारीचा चिखल होतो. विणलेला बांबू ओल शोषतो, जास्तीची वाफ बाहेर सोडतो. मोदकपात्राच्या झाकणाला आतून फडकं बांधतात ते याचसाठी.

टोपली गार झाली की खेळ संपला. फुगलेल्या स्टार्चमधल्या लांब साखळ्या निवताना पुन्हा एकमेकींना बिलगतात, पाणी बाहेर ढकलतात, पारी दुधी आणि कडक होते. रात्रीचा मोदक सकाळी दगड होतो त्याचं कारण हेच, आणि पुन्हा वाफवला की तो बराचसा वळणावर येतो त्याचंही. डिमसमच्या हॉटेलातली धावपळ या एका अडचणीतून आली आहे असं माझं मत आहे. लहान टोपल्या, वाफाळत फिरणाऱ्या ढकलगाड्या, त्याआधीच्या काळात गळ्यात तबक अडकवून हाका मारत फिरणारे वाढपी, टेबलावरच्या कार्डावर टोपलीगणिक पडणारे शिक्के, कशातच थांबायला सवड नाही. बोलायलाही नको म्हणून चहा संपला की किटलीचं झाकण तिरकं करून ठेवायचं, भरून मिळते. कुणी चहा ओतला तर दोन बोटांनी टेबलावर टकटक केलं की आभार पोचले.

मुंबईत चिनी माणसं गोदीच्या काळापासून आहेत. माझगावात १९१९ सालचं सी यूप कून हे त्यांचं मंदिर अजून उभं आहे. चर्चगेटचं कमलिंग, अपोलो बंदराजवळचं लिंग कुटुंबाचं नानकिंग आणि मग रीगल सिनेमामागचं त्यांच्याच पुढच्या पिढीचं लिंग्ज पॅव्हिलियन, ही या शहरातली जुनी नावं. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला तर इंग्रजांनी १८३४ ते १८६४ पर्यंत चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग चालवला. त्यांच्या भाजीच्या मळ्यांची आठवण म्हणून चायनामन फॉल हे नाव राहिलं आहे. पण १९६२ च्या युद्धानंतर हजारो भारतीय चिनी लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत कोंडलं गेलं, पुष्कळ जण देश सोडून गेले. सकाळी सकाळी पन्नास प्रकारच्या टोपल्या खपवायला एक मोठी वस्ती लागते, ती मुंबईत उरली नाही. त्यामुळे मेन्यूवर डिमसम आलं, पण सकाळच्या चहाची ती गर्दी आली नाही. आणि आपल्या हायवेवरच्या गाड्यांवर चायनीज म्हणून शेजवान राइस आणि मंच्युरियन बसलं, त्याची कँटनशी ओळख जुजबीच.

तेव्हा हार गाव घरीच करून पाहावं. उन्हाळ्यात कुरडयांसाठी चीक घातला असेल तर थोडा बाजूला काढावा. दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुवावा म्हणजे आंबूस वास जाईल, आणि उन्हात कडक वाळवून चाळावा. दोन वाट्या चिकाला एक वाटी टॅपिओकाचा स्टार्च, चिमूटभर मीठ, आणि पाणी खरोखर खळखळ उकळणारं, कोमट अजिबात चालणार नाही. ओतून झाकावं, पाच मिनिटांनी तेलाचा हात लावून मळावं, गोळा ओल्या फडक्याखाली ठेवावा. कोळंबी सोलून, काळा दोरा काढून, मीठ आणि चिमटीभर सोडा चोळून थोडा वेळ ठेवावी, मग वाहत्या पाण्यात धुऊन अगदी कोरडी करावी. सोड्यानं ती पाणी धरून ठेवते आणि दाताखाली कुरकुरीत लागते. सुरी नसेल तर प्लास्टिकच्या दोन कागदांत गोळी ठेवून ताटाच्या बुडानं दाबली तरी चालतं. मोदकपात्रात खाली हळदीचं पान घातलंत तर कँटनचा स्वयंपाकी हरकत घेईल, तरी घालावं.