धातूतला तडा आणि संगणक

तारेचा तुकडा एकदा वाकवून पाहा. तो तुटत नाही. तोच पुनःपुन्हा उलटसुलट वाकवला की तुटतो. दर वेळी धातूत थोडी हानी साचत जाते. विमानाचेही असेच होते, कारण प्रत्येक उड्डाणात आतल्या हवेच्या दाबाने त्याचे कवच ताणले जाते. १९५४ साली दोन कॉमेट जेट विमाने भूमध्य समुद्रावर आकाशातच फुटली. तेव्हा इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे आणखी एक कॉमेट टाकीत ठेवून त्यात पाण्याचा दाब वारंवार चढवला-उतरवला गेला. आधीची प्रत्यक्ष आणि टाकीतली मिळून ३०५७ उड्डाणे झाल्यावर कवच खिडकीच्या कोपऱ्यापाशी फाटले. अशा कोपऱ्यात ताण एकवटतो.

आज असे भाग आधी संगणकात ‘तोडून’ पाहतात. भागाचे हजारो छोटे घटक कल्पून प्रत्येकावरचा ताण काढतात. हानी संख्येने मोजतात : ० म्हणजे शाबूत, १ म्हणजे तुटलेला. दुबळ्या घटकाचा भार शेजाऱ्यांवर पडतो आणि तडा पुढे सरकतो.

यात एक मेख आहे. घटक लहान करत गेल्यास हानी अधिकाधिक अरुंद पट्ट्यात कोंडते आणि तुटण्यास लागणारी ऊर्जा शून्याकडे जाते! परंतु तड्याचे नवे पृष्ठभाग तयार होण्यास ऊर्जा लागतेच, हे ग्रिफिथ यांनी १९२१ सालीच मांडले होते. यावर एक उपाय म्हणजे हानीची सरासरी ठरावीक अंतरावर घेणे. हे अंतर धातूच्या अंतर्रचनेशी निगडित असते. ते ठरवण्यासाठी मात्र खरे नमुने तोडावेच लागतात.